ओळीखालची नागमोडी रेघ

महाभारत आपल्यापैकी बहुतेकांनी वाचायच्या आधी ऐकलेलं असतं. कुणी आजीकडून, कुणी कीर्तनात, कुणी रविवारी सकाळी दूरदर्शनसमोर मांडी घालून. त्यामुळे ‘महाभारतात असं आहे’ हे वाक्य आपल्या तोंडी फार सहज येतं. कृष्णाच्या बोटाला लागलं, द्रौपदीनं भरजरी वस्त्र फाडून चिंधी बांधली आणि त्या चिंधीचं ऋण त्यानं भर सभेत फेडलं. व्यास सांगत गेले, गणपती लिहीत गेला. स्वयंवरात कर्ण धनुष्य पेलणार, तोच द्रौपदी म्हणाली, सूतपुत्राला मी वरणार नाही.

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानं सिद्ध केलेल्या महाभारताच्या संहितेत या तिन्ही गोष्टी नाहीत.

हे मला कॉलेजात असताना कळलं आणि मी चांगलीच दुखावले. कुणी ठरवलं हे? कशाच्या आधारावर? या दोन प्रश्नांचा पिच्छा पुरवता पुरवता मी विष्णू सीताराम सुकथनकर या माणसापर्यंत पोचले. तेव्हापासून त्यांनी संपादित केलेलं आदिपर्व, म्हणजे महाभारताचं पहिलं पर्व, मी पुन्हा पुन्हा उघडत आले आहे. शेजारी कोश लागतो, गती अगदी मंद असते, पण त्या खंडाइतकं मला दुसऱ्या कुठल्याच पुस्तकानं वाचायला शिकवलेलं नाही.

सुकथनकरांचा जन्म 1887चा. गंमत म्हणजे ते संस्कृतकडे वळले गणितातून. केंब्रिजला त्यांनी गणिताचा अभ्यास केला आणि तिथून पुढे बर्लिनला हाइनरिश ल्यूडर्स यांच्या हाताखाली भारतविद्येचा. प्रबंधाचा विषय होता शाकटायनाचं व्याकरण. गणित आणि व्याकरण, दोन्हीकडे ‘मला वाटतं’ला किंमत नाही, पायरीमागून पायरी दाखवावी लागते. पुढे महाभारतावर काम करताना ही सवय त्यांच्या किती कामी आली, ते आदिपर्वाच्या पानापानावर दिसतं.

ल्यूडर्स यांचं नाव इथे महत्त्वाचं आहे. महाभारताची चिकित्सक आवृत्ती, म्हणजे पोथ्या एकमेकींशी ताडून पाठ ठरवलेली आवृत्ती, व्हावी, ही मागणी आधी युरोपात झाली. 1897 साली पॅरिसला भरलेल्या प्राच्यविद्या परिषदेत मॉरिस विंटरनित्स यांनी ती मांडली. 1908 मध्ये ल्यूडर्स यांनी अशा आवृत्तीचा छोटासा छापील नमुनाही करून दाखवला. मग पहिलं महायुद्ध आलं आणि तिथलं काम थंडावलं. इकडे पुण्यात 6 जुलै 1917 रोजी, रामकृष्ण गोपाळ भांडारकरांच्या ऐंशीव्या वाढदिवशी, त्यांच्या नावाची संस्था उभी राहिली. औंधचे राजेसाहेब बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी महाभारतासाठी एक लाख रुपयांचं वचन दिलं. 1 एप्रिल 1919 रोजी वृद्ध भांडारकरांच्या हातून ‘नारायणं नमस्कृत्य’ ही पहिली ओळ लिहून घेऊन पोथ्या ताडून पाहण्याचं काम सुरू झालं. नारायण बापूजी उत्गीकर यांनी 1923 मध्ये विराटपर्वाची एक कच्ची आवृत्ती चाचणी म्हणून काढली. पण हा पसारा आवरायचा कसा, हे तोवर नीट ठरलेलं नव्हतं. ऑगस्ट 1925 मध्ये सुकथनकर प्रमुख संपादक झाले. वय अडतीस.

पसारा म्हणजे काय, हे समजून घेतल्याशिवाय त्यांच्या कामाची कल्पना येत नाही. महाभारताची मूळ प्रत अशी कुठेच नाही. आहेत त्या नकलांच्या नकला, शेकडो वर्षांच्या आणि देशभर विखुरलेल्या. काश्मीरची शारदा, नेपाळी, मैथिली, बंगाली, देवनागरी, दक्षिणेत तेलुगू, ग्रंथ आणि मल्याळम, अशा अनेक लिप्यांत. कुठे भूर्जपत्र, कुठे ताडपत्र, कुठे कागद. उत्तरेची एक परंपरा, दक्षिणेची दुसरी, आणि त्या प्रत्येकीच्या पुन्हा उपशाखा. संपूर्ण प्रकल्पात अशा 1259 पोथ्या पाहिल्या गेल्या.

काम कसं चाले, ते सुकथनकरांनी आदिपर्वाच्या प्रस्तावनेत सांगितलं आहे. चौकटी आखलेला कागद घ्यायचा. वरच्या ओळीत प्रचलित पाठातला श्लोक लिहायचा, एका चौकटीत एक अक्षर. मग एकेक पोथी उघडायची. जिथे अक्षर वेगळं, तिथे त्याच अक्षराच्या खालच्या चौकटीत ते वेगळं अक्षर भरायचं आणि डावीकडे पोथीची खूण घालायची. एखाद्या पोथीत श्लोकच जास्तीचा असेल तर त्याची नोंद वेगळी. वाचणारा लिपी जाणणारा शास्त्री हवा. बंगाली पोथ्यांसाठी शांतिनिकेतनात आणि दाक्षिणात्य पोथ्यांसाठी तंजावरला वेगळी केंद्रं होती. आदिपर्वासाठी अखेर साठ पोथ्या निवडल्या गेल्या. म्हणजे एकेका श्लोकाखाली साठ साक्षीदार उभे करायचे, आणि आदिपर्वात श्लोक किती हजारांनी आहेत!

हे तक्ते भरणाऱ्या शास्त्र्यांबद्दल मला फार वाटतं. ‘च’च्या जागी ‘तु’ आहे एवढंच नोंदवण्यात त्यांची अख्खी दुपार गेली असेल. पण त्या ‘तु’वरून पोथी कोणत्या घराण्यातली हे कळतं, आणि घराणं कळलं की साक्षीचं वजन कळतं.

सुकथनकरांचं डोकं दिसतं ते इथे. ग्रीक-लॅटिन ग्रंथांसाठी युरोपात एक पद्धत रूढ होती: पोथ्यांची वंशावळ मांडायची आणि चढत चढत मूळ पूर्वजापर्यंत जायचं. महाभारताला ती जशीच्या तशी लागू पडेना, कारण आपले लेखक, म्हणजे पोथ्या नकलणारे, एकाच पोथीवर विसंबत नसत. शेजारच्या गावात दुसरी पोथी मिळाली की तिच्यातलं चांगलं वाटेल ते समासात टिपत, आणि पुढच्या नकलेत समासातलं मजकुरात येई. सगळ्या घराण्यांची सरमिसळ झालेली. त्यामुळे महाभारताला आपली स्वतंत्र वाट काढावी लागेल, हे सुकथनकरांनी ओळखलं आणि ती काढली.

त्यांनी पाहिलं की नकलणारा माणूस भर घालतो, सहसा गाळत नाही. धर्मग्रंथातला श्लोक मुद्दाम वगळायचं धाडस कोण करणार? तेव्हा एखादा प्रसंग एकमेकींशी संबंध नसलेल्या अनेक जुन्या पोथ्यांत नसेल, तर तो सगळीकडून गळला असं मानण्यापेक्षा मागाहून शिरला असं मानणं सयुक्तिक. दुसरी गोष्ट अंतराची. काश्मीरची पोथी आणि केरळची पोथी यांचा एकमेकींशी संपर्क येण्याची शक्यता सगळ्यात कमी. त्या दोघी एखाद्या पाठावर एक झाल्या, तर तो पाठ दोघींच्या फार मागच्या समान पूर्वजाकडून आलेला असणार. आणि दोन पाठांपैकी एक सोपा, एक अवघड असेल, तर अवघड बहुधा जुना. नकलणारा न समजलेलं सोपं करतो, सोपं मुद्दाम अवघड करत नाही.

आदिपर्वाच्या साधनांत शारदा लिपीतली एक भूर्जपत्राची पोथी आहे. 1875-76 मध्ये गेओर्ग ब्यूलर यांनी मुंबई सरकारसाठी काश्मीरमध्ये घेतलेली. पुढे ती सरकारी संग्रहाबरोबर भांडारकरमध्ये आली. खंडित आहे, बरीच पानं गेलेली. तरी सुकथनकरांनी तिला फार मोठा मान दिला. तिचा पाठ आखूड, बिनअलंकाराचा. इतर पोथ्यांत जिथे फुलोरा आहे तिथे ती गप्प. तिचं हे गप्प राहणं त्यांनी पुरावा म्हणून वाचलं.

आता त्या छापील पानाबद्दल, कारण माझं मन बसलं ते तिथे. पानाच्या वरच्या भागात मोठ्या टायपात सिद्ध केलेला श्लोक. खाली बारीक टायपात पाठभेदांची गर्दी: कोणत्या पोथीत काय, कोणत्या गटात काय. मधेच फुलीचा आकडा घातलेले श्लोक, म्हणजे काही पोथ्यांत सापडणारे पण संहितेत न घेतलेले. मोठे उतारे असतील तर ते शेवटच्या परिशिष्टात, त्यांच्याही पाठभेदांसकट. आणि वरच्या श्लोकात कुठे कुठे, एखाद्या शब्दाखाली किंवा नुसत्या अक्षराखाली, बारीक नागमोडी रेघ. जिथे पुरावा दोन्हीकडे सारखा आहे, जिथे संपादकानं एक पाठ निवडला खरा पण त्याची खात्री कमी आहे, तिथे ही रेघ येते.

किती पुस्तकं अशी असतात जी आपल्याच अक्षरांखाली ‘इथे माझी पुरती खात्री नाही’ म्हणून खूण करतात? आयुष्याची उमेदीची वर्षं घालून सिद्ध केलेला पाठ, आणि त्यातलीच दोन अक्षरं वाचकासमोर संशयित म्हणून उभी करायची. ती रेघ अनेकदा ‘च’ आणि ‘वै’ अशा किरकोळ जागी असते. तिथे कुणाला पत्ताही लागला नसता. तरी ती आहे. मला सुकथनकरांचा सगळा स्वभाव त्या रेघेत दिसतो. आपण सिद्ध केलेली संहिता म्हणजे व्यासांनी उच्चारलेलं मूळ महाभारत, असा दावा त्यांनी कधीच केला नाही. उपलब्ध पोथ्यांच्या आधारानं जितकं मागे जाता येतं तितकं मी गेलो, एवढंच त्यांचं म्हणणं.

म्हणूनच ‘भांडारकरनं गणपतीला महाभारतातून काढलं’ असं कुणी म्हणालं की मला राहवत नाही. गणपतीनं व्यासांचा लेखनिक होण्याची ती सुंदर कथा आदिपर्वाच्या पहिल्याच परिशिष्टात अगदी सुरुवातीला छापलेली आहे, आणि कोणत्या पोथ्यांत ती मिळते तेही दिलेलं आहे. हाती आलेलं काहीच फेकलेलं नाही. फक्त कोणतं कुठून आलं हे सांगितलं आहे. (चिंधीची गोष्ट मात्र आणखी वेगळी, ती लोकांच्या ओठांवर वाढलेली. तिचं मोल त्यामुळे कमी होत नाही.)

कर्णाचं घ्या. मराठी वाचकाचा कर्णावर किती जीव आहे, हे मी सांगायला नको. स्वयंवरातला तो नकार आपल्या मनातल्या कर्णाच्या दुःखाचा पाया आहे. पण तो नकार फार थोड्या पोथ्यांत मिळतो, आणि म्हणून सुकथनकरांनी तो संहितेत घेतला नाही. उलट त्याच संहितेत थोडं पुढे, अर्जुन धनुष्याकडे निघतो तेव्हा, जमलेले ब्राह्मण आपसात म्हणतात की कर्ण-शल्यांसारख्या नामांकित बलवानांना जे वाकवता आलं नाही, ते या पोराला कसं जमणार? म्हणजे इथला कर्ण इतर राजांसारखा प्रयत्न करून हरलेला आहे. हे पहिल्यांदा वाचताना मला काहीतरी हिरावून घेतल्यासारखं वाटलं. मग हळूहळू द्रौपदीचा विचार मनात आला. तिच्या तोंडी नसलेलं वाक्य किती शतकं तिच्या माथी मारलं गेलं आहे! त्या एका वाक्यावरून सभेतल्या तिच्या अपमानाचं समर्थन करणारी माणसं मी ऐकली आहेत. सगळ्या द्यूताचं कारण तिच्या जिभेवर टाकणारे आपण, आणि पोथ्या विचारल्या तर बहुतेक पोथ्या म्हणतात, ती काही बोललीच नव्हती.

सभापर्व सुकथनकरांनी स्वतः केलं नाही. ते अमेरिकेतल्या येल विद्यापीठाचे फ्रँकलिन एजर्टन यांनी केलं आणि 1944 मध्ये पूर्ण झालं. पण तत्त्वं तीच. त्यात द्रौपदीनं केलेला कृष्णाचा धावा खाली टिपांत गेला. वर उरलं ते एवढंच: वस्त्र ओढलं जात असताना तसंच दुसरं वस्त्र पुन्हा पुन्हा प्रकट झालं. कुणी दिलं, हे सांगितलेलं नाही. भाविक मनाला हे लागतं, मलाही लागलं. पण धावा बाजूला झाल्यावर त्या प्रसंगात कोणता आवाज उरतो, ते वाचून पाहा. प्रतिकामी, म्हणजे दुर्योधनानं पाठवलेला सूत, तिला न्यायला येतो तेव्हा ती त्याला परत पाठवते, जा, त्या जुगाऱ्याला विचारून ये: ‘किं नु पूर्वं पराजैषीरात्मानं मां नु भारत’. आधी कुणाला हरलास, स्वतःला की मला? हा प्रश्न सगळ्या पोथ्यांत होताच. पण धाव्याच्या गजरात तो मला कधी इतका स्पष्ट ऐकू आला नव्हता. भीष्मांना त्याचं उत्तर देता येत नाही, ते धर्माची गती सूक्ष्म आहे असं म्हणून थांबतात.

सुकथनकरांच्या आधी सुमारे अडीचशे वर्षं आपल्याच एका माणसानं असाच घाट घातला होता. नीलकंठ चतुर्धर, गोदावरीकाठच्या कोपरगावचे, काशीला जाऊन राहिलेले. त्यांची ‘भारतभावदीप’ टीका सतराव्या शतकातली. सुरुवातीलाच ते सांगतात, ‘बहून्समाहृत्य विभिन्नदेश्यान् कोशान्विनिश्चित्य च पाठमग्र्यम्’. वेगवेगळ्या देशांतल्या पुष्कळ पोथ्या गोळा केल्या आणि उत्तम पाठ ठरवला. मात्र त्यांची ओढ वेगळी होती. जिथे जिथे जे चांगलं आहे ते सगळं एकत्र यावं, काही निसटू नये. शेकडो घरांत वाचलं गेलं ते महाभारत नीलकंठांच्या पाठाचं. एकानं सगळं सामावून घेतलं, दुसऱ्यानं प्रत्येक गोष्ट आपापल्या जागी परत ठेवली. दोघांनाही या ग्रंथावर तितकंच प्रेम होतं, असं मी मानते. सुकथनकरांनी नीलकंठांचा पाठ मूळ म्हणून स्वीकारला नाही, पण टीकाकारांच्या परंपरेचा अभ्यास मात्र मनापासून केला.

आदिपर्वाचा पहिला भाग 1927 मध्ये आला आणि पूर्ण पर्व 1933 मध्ये. जवळपास हजार पानं आणि वर शंभराहून अधिक पानांची इंग्रजी प्रस्तावना, जी आजही पाठचिकित्सा शिकणाऱ्याला वाचावीच लागते. पैशाची जुळवाजुळव सतत चालू असे. संस्थानं, सरकार, विद्यापीठ, सगळीकडून मदत येई. हैदराबादच्या निजामानंही महाभारताच्या प्रकाशनाला अनुदान दिलं. संस्थेच्या आवारातलं निजाम गेस्ट हाउस त्याच काळातलं.

आणि मग त्यांच्या आयुष्यातली मला सगळ्यात आनंदाची वाटणारी घटना घडली. आदिपर्व छापून झाल्यावर काही वर्षांनी काठमांडूचे राजगुरू हेमराज पंडित यांच्याकडे आदिपर्वाची एक फार जुनी नेपाळी पोथी निघाली. सुकथनकरांनी संहिता ठरवताना ती पाहिलेली नव्हती. आता ती ताडून पाहिली, तर त्यांनी पुराव्यावरून मागाहूनचे म्हणून बाजूला काढलेले बरेच उतारे, गणपतीच्या कथेसकट, त्या पोथीत नव्हतेच. त्यांनी लगेच त्यावर लेख लिहिला. साठ पोथ्यांवरून बांधलेला तर्क एकसष्टाव्या पोथीनं खरा ठरवला. गणित शिकलेल्या माणसाला याहून मोठं बक्षीस कोणतं मिळणार?

बाकीची पर्वं वेगवेगळ्या विद्वानांकडे दिली होती. विराटपर्व रघुवीर यांनी 1936 मध्ये, उद्योगपर्व सुशीलकुमार डे यांनी 1940 मध्ये पूर्ण केलं. प्रचंड मोठं आरण्यकपर्व सुकथनकरांनी स्वतःकडे घेतलं, ते 1942 मध्ये झालं. अठरांपैकी दोन पर्वं त्यांच्या हातची. काम आपल्या हयातीत संपणार नाही हे त्या गतीवरून त्यांना दिसत असणारच, आणि तरी त्यांनी गती वाढवण्यासाठी एकही चौकट रिकामी सोडली नाही.

इतकी वर्षं अक्षरं मोजल्यावर त्यांनी जे केलं, ते मला अजून पुरतं उलगडलेलं नाही. 1942 मध्ये मुंबई विद्यापीठासाठी महाभारताच्या अर्थावर त्यांनी चार व्याख्यानं लिहिली. पहिल्यात पाश्चात्त्य टीकाकारांचा समाचार. हर्मान ओल्डेनबर्ग यांच्यासारख्यांना हा ग्रंथ म्हणजे एक अक्राळविक्राळ गोंधळ वाटला होता. ‘मूळ’ युद्धकथा वेगळी काढून बाकीचं टाकून द्या, या विचाराला सुकथनकरांनी कडाडून विरोध केला. श्लोकन्‌श्लोक तपासून बाजूला काढणारा हाच माणूस ठामपणे म्हणतो की हा ग्रंथ एकसंध आहे, त्याला एक अर्थ आहे. दुसरं व्याख्यान लौकिक पातळीवरचं, तिसरं नैतिक, चौथं आध्यात्मिक. चौथं द्यायचं राहिलं. 21 जानेवारी 1943 रोजी, वयाच्या छपन्नाव्या वर्षी, ते गेले.

त्यांच्यामागे श्रीपाद कृष्ण बेलवलकर आणि मग परशुराम लक्ष्मण वैद्य यांनी प्रमुख संपादकपद सांभाळलं. 22 सप्टेंबर 1966 रोजी राष्ट्रपती राधाकृष्णन यांच्या उपस्थितीत अठरा पर्वांचे एकोणीस खंड पूर्ण झाल्याचं जाहीर झालं. हरिवंश त्यानंतर आला.

चारही व्याख्यानं पुस्तकरूपानं निघाली ती 1957 मध्ये. चौथ्यात सुकथनकर सांगतात: कृष्ण हा परमात्मा, अर्जुन जीवात्मा. धृतराष्ट्र म्हणजे हेलकावे खाणारा अहंकारी जीव, त्याची पोरं म्हणजे त्याच्या वासना, विदुर म्हणजे बुद्धी, भीष्म म्हणजे परंपरा. हे मला पटत नाही. धृतराष्ट्र मला माणूस म्हणूनच हवा आहे, मुलांच्या प्रेमापायी सगळं कळून न वळलेला बाप. द्रौपदीचा सभेतला प्रश्नही कुठल्या रूपकात बसवून शांत होण्यासारखा नाही. शिवाय या पानांवर नागमोडी रेघ नाही. इथे सुकथनकर पुराव्याच्या पलीकडे जाऊन बोलतात, एका श्रद्धावान वाचकाच्या आवाजात, आणि तो आवाज त्यांनी आदिपर्वाच्या हजार पानांत एकदाही वर येऊ दिलेला नव्हता. ती श्रद्धा काही 1942 मध्ये एकाएकी उगवली नसणार. गणपतीचा उतारा परिशिष्टात ठेवताना, धाव्याशिवायच्या सभापर्वाची तत्त्वं घालून देताना ती त्यांच्याजवळ होतीच. मी त्यांच्या चौथ्या व्याख्यानाशी दर वेळी वाद घालते, आणि दर वेळी ते पहिल्या पानापासून पुन्हा वाचते.